चिमुकली मोटार : सोय किती, मोल किती

शहरात मोटार बाळगणारा मनुष्य दिवसाकाठी तीस किलोमीटर फिरतो आणि रहदारीमुळे त्याला ताशी वीस किलोमीटरांहून अधिक वेग मिळत नाही, असे धरले, तर त्याची गाडी चोवीस तासांपैकी दीड तास चालते. उरलेले साडेबावीस तास ती कोठे तरी उभी असते. हा हिशेब इतका साधा आहे की, मोटार घेताना तो सहसा कोणी मांडत नाही. वेग, रंग, आसनांची गादी यांची चौकशी होते. पण गाडी रात्री कोणाच्या दारासमोर उभी राहणार, हा प्रश्न ती घरी आल्यानंतरच उपस्थित होतो. अतिशय लहान मोटारीची कल्पना या प्रश्नातून जन्माला आली, आणि तिचे बरेचसे गुणदोषही त्याच प्रश्नाशी निगडित आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपात ही कल्पना प्रथम मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात आली. लोकांजवळ पैसा नव्हता, पेट्रोल महाग होते आणि जुन्या शहरांतील गल्ल्या घोडागाडीच्या मापाच्या होत्या. इटलीतील ईसो कंपनीने १९५३ साली इसेटा नावाची अंड्याच्या आकाराची गाडी तयार केली. तिची लांबी सव्वादोन मीटरांहून थोडीशीच अधिक होती. पुढे जर्मनीतील बीएमडब्ल्यू कंपनीने १९५५ पासून ती बनविण्यास आरंभ केला आणि १९६२ पर्यंत अशा दीड लाखाहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. या गाडीला बाजूला दारे नव्हती. समोरचा संपूर्ण भागच दार म्हणून उघडत असे. फुटपाथाकडे तोंड करून गाडी लावावी आणि थेट फुटपाथावर उतरावे, अशी ती सोय. मात्र एखाद्या भिंतीला अगदी नाक लावून गाडी उभी केली, तर आत बसलेल्याला बाहेर पडण्यासाठी टपावरचे कापडी छत उघडावे लागे. लहान गाडीत प्रत्येक सोयीची किंमत अशी कोठे तरी वसूल होते.

डान्टे जिआकोसा या अभियंत्याने आखलेली फियाट ५०० ही गाडी १९५७ साली आली. तिची लांबी तीन मीटरांहून किंचित कमी होती, आणि ४७९ घनसेंटिमीटरांचे दोन सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे इंजिन पाठीमागे बसविलेले होते. इंग्लंडमध्ये १९५६ च्या सुएझ प्रकरणानंतर पेट्रोलचे नियंत्रण आले. त्या टंचाईच्या दिवसांत ॲलेक इसिगोनिस यांच्याकडे लहान गाडीचे काम सोपविण्यात आले, आणि १९५९ साली मिनी रस्त्यावर आली. इसिगोनिस यांची युक्ती अशी की, त्यांनी इंजिन पुढे, पण आडवे बसविले आणि गियरपेटी त्याच्या खाली घातली. त्यामुळे सुमारे तीन मीटरांच्या गाडीतील जमिनीचा पाचांपैकी चार हिस्से भाग माणसांना व सामानाला मिळाला. आज जगात धावणाऱ्या बहुसंख्य लहान गाड्यांत इंजिन आडवेच असते.

जपानने याच प्रश्नाकडे कायद्याच्या मार्गाने पाहिले. तेथे १९४९ सालापासून ‘केई’ म्हणजे हलक्या वाहनांचा एक स्वतंत्र वर्ग मानला गेला आहे. इंजिनाची मर्यादा पुढे ३६० घनसेंटिमीटर झाली, १९७६ साली ती ५५० व १९९० साली ६६० करण्यात आली. १९९८ पासून अशा गाडीची लांबी ३.४ मीटर व रुंदी १.४८ मीटर यांच्या आत असली पाहिजे, असा दंडक आहे. या मापात बसणाऱ्या गाडीस कर कमी पडतो. जपानात गाडी घेण्यापूर्वी ती उभी करण्यास जागा आहे, असा दाखला १९६२ च्या कायद्यानुसार द्यावा लागतो. केई गाड्यांना त्यातून अनेक भागांत सूट आहे. तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक याच वर्गातल्या असतात. लहान गाडी लोकांनी घ्यावी असे सरकारला वाटत असेल, तर उभे राहण्याच्या जागेची किंमत मोठ्या गाडीवाल्याकडून वसूल झाली पाहिजे, ही गोष्ट जपानने ओळखली. आपल्याकडे रस्त्याची कड ही बहुतेक ठिकाणी फुकटच मिळते. त्यामुळे गाडी आखूड असण्याचे बक्षीस मालकाच्या खिशात पडत नाही.

भारतात अतिलहान गाडीचे प्रयत्न बरेच जुने आहेत. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी गाडी स्वतःच्या हिकमतीने बनविली होती. परंतु ती कारखान्यातून मोठ्या संख्येने कधीच निघाली नाही. बंगलोरला १९७० च्या दशकात ‘बादल’ नावाची तीनचाकी मोटार तयार होत असे. ती काचतंतूंच्या अंगाची होती. खऱ्या अर्थाने घरोघरी पोहोचली ती १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८००. तिचे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरांचे व लांबी सुमारे ३.३ मीटर होती. एका पिढीला मोटार म्हणजे काय हे या गाडीने शिकविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. २०१४ च्या आरंभी तिचे उत्पादन थांबले.

या पार्श्वभूमीवर नॅनोची हकीकत तपशिलाने पाहण्याजोगी आहे. कारण अतिलहान गाडीच्या बाजूने आणि विरुद्ध जे जे काही म्हणता येईल, ते सर्व या एका गाडीच्या दहा वर्षांच्या आयुष्यात सापडते.

पावसात एकाच स्कूटरवर नवरा, बायको आणि मुले जाताना पाहून आपणांस या गाडीची कल्पना सुचली, असे रतन टाटा यांनी सांगितले आहे. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात गाडी दाखविण्यात आली, आणि २३ मार्च २००९ रोजी मुंबईत तिच्या विक्रीची घोषणा झाली. कारखान्यातील किंमत एक लाख रुपये ठेवण्याचे वचन पाळण्यात आले. कर व वाहतूक धरून ग्राहकाला त्याहून थोडे अधिक पडत. गाडी ३.१ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि तब्बल १.६५ मीटर उंच होती. वजन सुमारे ६०० किलोग्रॅम. ६२४ घनसेंटिमीटरांचे दोन सिलिंडरांचे इंजिन मागच्या आसनाखाली, मागच्याच चाकांना फिरविणारे. मारुती ८०० पेक्षा बाहेरून आठ टक्के आखूड, पण आतून एकवीस टक्के प्रशस्त, असा कंपनीचा दावा होता. आत बसून पाहिलेल्या कोणालाही तो खोटा वाटला नसता. इंजिन मागे गेल्याने आणि छत उंच घेतल्याने सहा फुटी मनुष्यही मागे गुडघे न मुडपता बसू शकत असे.

आता एक लाखात हे कसे बसले, ते पाहिले पाहिजे. चाकाला चार नटांऐवजी तीन नट. काचेवर दोन वायपरांऐवजी एकच मोठा वायपर. साध्या प्रकारात डावीकडचा आरसा नाही, वातानुकूलन नाही. गियर पाचांऐवजी चार. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. मागचा भाग दरवाजासारखा दिसत असला, तरी तो उघडत नसे. सामान ठेवायचे तर मागच्या आसनाची पाठ दुमडून आतूनच ठेवावे लागे. पेट्रोलचे तोंड पुढच्या बॉनेटखाली, स्टेपनीच्या शेजारी. त्यामुळे पंपावर प्रत्येक वेळी बॉनेट उघडावे लागे, आणि टाकी पंधरा लिटरांचीच असल्याने हा प्रसंग वरचेवर येई. यांपैकी तीन नटांनी किंवा एका वायपराने कोणाचे काही बिघडले नाही. हलक्या गाडीच्या चाकास तीन नट पुरतात. परंतु न उघडणारी डिकी हा मात्र शुद्ध तोटा होता. रेल्वे स्टेशनवर पाहुण्यांना आणावयास गेलेल्या गृहस्थाला ट्रंक मागच्या दाराने आत घेऊन आसनावरून पलीकडे ढकलावी लागली, म्हणजे वाचविलेल्या पैशांचा त्याला फारसा आनंद होत नाही. २०१५ साली नव्या रूपात हा दरवाजा उघडू लागला, टाकीही २४ लिटरांची झाली. पण तोवर उशीर झाला होता.

विक्रीचे आकडे बोलके आहेत. २००९ च्या एप्रिलमध्ये दोन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरून नाव नोंदविले, आणि पहिल्या एक लाख गाड्यांचे धनी सोडत काढून ठरवावे लागले. गुजरातेतील साणंद येथे वर्षाला अडीच लाख गाड्यांची क्षमता असलेला कारखाना २०१० च्या जूनमध्ये सुरू झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात संपूर्ण महिन्याची विक्री ५०९ झाली. सर्वांत चांगले वर्ष २०११-१२. त्या वर्षी ७४,५२७ गाड्या खपल्या. २०१८ च्या जूनमध्ये एकच गाडी तयार झाली. साऱ्या आयुष्यात सुमारे तीन लाख, म्हणजे कारखान्याच्या सव्वा वर्षाच्या क्षमतेइतकी विक्री.

कारणे एकाहून अधिक होती. मूळ कारखाना पश्चिम बंगालमधील सिंगूर येथे व्हावयाचा होता. त्यासाठी सरकारने जवळजवळ एक हजार एकर जमीन संपादन केली. जमीन देण्यास नाखूष असलेल्या शेतकऱ्यांच्या बाजूने मोठे आंदोलन उभे राहिले आणि ३ ऑक्टोबर २००८ रोजी कंपनीने माघार जाहीर केली. पुढे ३१ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते संपादनच रद्द ठरविले व जमिनी परत करण्याचा आदेश दिला. जमिनीचा हा खर्च एक लाखाच्या आकड्यात कोठेच दिसत नाही. गाडीपुरते बोलायचे, तर स्थलांतरामुळे पहिली उत्सुकता ज्या काळात टिकून होती, त्याच काळात पुरेशा गाड्या मिळाल्या नाहीत. काही गाड्यांना रस्त्यात आग लागल्याच्या बातम्या आल्या. कंपनीने जादा संरक्षक भाग विनामूल्य बसवून देण्याचे जाहीर केले, तरी मनात बसलेली भीती तशी सहज जात नाही.

याहून खोल कारण मात्र यंत्रात नव्हते. ‘सर्वांत स्वस्त’ हे विशेषण गाडीला चिकटले. गरजेपोटी स्कूटर चालविणाऱ्याला मोटार हवी असते, ती केवळ छत म्हणून नव्हे. आपली परिस्थिती सुधारली, हे चार लोकांना कळावे म्हणूनही हवी असते. जी गाडी पाहताच मालकाची ऐपत कळते, ती तो घेईल कशासाठी? स्वस्त म्हणून झालेली जाहिरात ही चूक होती, अशा आशयाचे मत पुढे खुद्द टाटा यांनीही व्यक्त केले. शिवाय तेवढ्याच पैशांत वापरलेली मारुती किंवा सँट्रो मिळत होती. तिची डिकी उघडत असे, आणि शेजाऱ्यांच्या नजरेत ती ‘पूर्ण’ गाडी होती.

आता आरंभीच्या जागेच्या प्रश्नाकडे परत यावे. नॅनो जमिनीवर सुमारे ४.६५ चौरस मीटर जागा व्यापते; अँबॅसेडर सात चौरस मीटरांच्या आसपास. उभ्या गाडीच्या बाबतीत हा फरक सरळ पदरात पडतो. ज्या कडेला अँबॅसेडर तीन लागतील, तेथे चार नॅनो लागतात. चालत्या रस्त्यावर मात्र हे गणित बदलते. ताशी ३६ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला दहा मीटर. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर राखायचे, तर वीस मीटर मोकळे सोडावे लागतात. तीन मीटरांची गाडी अशा रीतीने तेवीस मीटर रस्ता अडविते, तर ४.३ मीटरांची गाडी २४.३ मीटर. म्हणजे बचत जेमतेम पाच टक्के. वेग ताशी १८ किलोमीटरांवर आला, तर ती नऊ टक्के होते. आणि रहदारी पार तुंबून गाड्या एकमेकींमागे मीटरभर अंतराने उभ्या राहिल्या, म्हणजे पंचवीस टक्के. तेव्हा लहान गाडी रस्ते मोकळे करते, या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते मुख्यतः रस्ता बंद पडल्यानंतरचे तथ्य आहे! आणि स्कूटरवरचा मनुष्य नॅनोत आला, तर रस्त्यावरची गर्दी वाढते, कमी होत नाही. नगररचनाकारांनी त्या वेळी घेतलेला हा आक्षेप बरोबर होता. मात्र हा आक्षेप मोठ्या गाडीवाल्याने घ्यावा, हे जरा नवलच.

सुरक्षिततेचा मुद्दा सर्वांत अवघड आहे. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने ताशी ६४ किलोमीटर वेगाच्या धडकेत पाच भारतीय गाड्यांची परीक्षा केली. नॅनोला एकही तारा मिळाला नाही. इतर चार गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या प्रकारांनाही मिळाला नाही, हे बहुधा सांगावयाचे राहून जाते. तरीही लहानपणाची स्वतःची अशी एक अडचण आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबताना तिचे नाक अर्धा मीटर चेपले, तर आतल्या माणसावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे वीस पट मंदन येते. पाव मीटरच चेपले, तर चाळीस पट. आखूड गाडीजवळ चेपण्यासाठी जागाच कमी असते. दुसरी गोष्ट वजनाची. ६०० किलोंची व १२०० किलोंची अशा दोन गाड्या प्रत्येकी ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या, असे समजा. संवेगाच्या नियमाने दोन्ही गाड्या जड गाडीच्या दिशेने ताशी सुमारे १७ किलोमीटर वेगाने सरकतील. जड गाडीचा वेग ३३ ने बदलला. हलकीचा मात्र ६७ ने. तोच अपघात, तोच क्षण, आणि एकाच्या वाट्याला दुप्पट धक्का. अंगच मजबूत करून यावर काही अंशी मात करता येते. १९९८ साली फ्रान्समधील आंबाख येथे तयार होऊ लागलेल्या अडीच मीटरांच्या स्मार्ट गाडीत पोलादी पिंजऱ्यासारखे कवच दिलेले होते. पण ती दोघांचीच गाडी होती, आणि तिची किंमत स्कूटरवाल्यासाठी ठरविलेली नव्हती.

परंतु तुलना कोणाशी करायची? २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. स्कूटरवर पुढे उभ्या असलेल्या मुलाच्या समोर चेपणारे नाक पाव मीटरही नसते. शहरातल्या ताशी तीस-चाळीस किलोमीटरांच्या वेगात पट्टा बांधून बसलेले कुटुंब नॅनोमध्ये दुचाकीपेक्षा नक्कीच अधिक सुरक्षित होते. हीच गाडी ताशी नव्वद किलोमीटरांनी महामार्गावर मालमोटारींच्या मध्ये चालविणे, ही निराळी गोष्ट. तिचा सर्वाधिक वेग ताशी १०५ किलोमीटर होता. तो गाठता येतो म्हणून गाठावा, असे मुळीच नाही. त्यानंतर नियमही कडक झाले. २०१९ च्या एप्रिलपासून ब्रेक न अडकू देणारी यंत्रणा, त्याच वर्षीच्या जुलैपासून चालकासाठी एअरबॅग, ऑक्टोबरपासून सर्व गाड्यांना धडकेची कसोटी आणि २०२० च्या एप्रिलपासून धुराचे नवे मानक. हे सर्व घालून एक लाखाची गाडी बनविता आली नसती. एक लाख ही किंमत काही अंशी या गोष्टी नसण्याची किंमत होती.

खर्चाचा हिशेब रुपयांपेक्षा लिटरांत मांडलेला बरा, कारण पेट्रोलचा भाव स्थिर राहत नाही. वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्यास लिटरमागे ५० किलोमीटर देणाऱ्या दुचाकीला २०० लिटर लागतात. शहरात लिटरमागे १८ किलोमीटर देणाऱ्या छोट्या मोटारीला साडेपाचशे. म्हणजे वर्षाला साडेतीनशे लिटरांचा बोजा वाढला. शिवाय दोनाऐवजी चार टायर आणि विम्याचा मोठा हप्ता. दुचाकीवरून मोटारीवर येणाऱ्याला हा भार कायमचा असतो. गाडीची स्वस्ताई एकदाच मिळते. याउलट मोठी मोटार सोडून लहान घेणाऱ्याचे गणित पाहावे. तो वर्षाला सहा हजारच किलोमीटर चालत असेल, तर लिटरमागे चौदावरून वीसवर गेल्याने त्याचे सुमारे १३० लिटर वाचतील. ही बचत गाडी बदलण्याइतकी मोठी नाही. पेट्रोल वाचविण्यासाठी लहान गाडी घ्यावी, हा उपदेश जो खूप फिरतो त्यालाच लागू पडतो. आणि खूप फिरणाऱ्याला लहान गाडीत पाठ दुखते.

मग अशी गाडी सोयीची कोणाला? ज्याचे फिरणे गावातल्या गावात आहे, ज्याच्या गाडीत बहुधा एक-दोन माणसे असतात, ज्याची गल्ली अरुंद आहे आणि ज्याला लांबच्या प्रवासाला रेल्वे किंवा एस.टी. चालते, त्याला. भेटींवर जाणारा डॉक्टर, निवृत्त जोडपे, मुलांना शाळेत सोडणारी नोकरदार स्त्री यांच्यासाठी चार मीटरांच्या त्रिज्येत वळणारी गाडी म्हणजे मोठाच आराम. पुण्याच्या पेठांतून किंवा हैदराबादच्या जुन्या शहरातून ज्यांनी मोटार मागे घेतली आहे, त्यांना हे निराळे सांगण्याची गरज नाही. पण कुटुंबात एकच गाडी असावयाची, तीत वर्षातून चार वेळा पाच माणसे व सामान घालून घाट चढायचा असेल, तर दोन सिलिंडरांचे इंजिन त्या चार दिवशी उरलेल्या ३६१ दिवसांची सोय विसरावयास लावते. नॅनोच्या ग्राहकांची खरी पंचाईत येथेच झाली. पश्चिमेत अशी गाडी ही घरातली दुसरी गाडी असते. येथे ती पहिली आणि एकुलती एक म्हणून विकली गेली.

विजेच्या गाड्यांनी हा विषय पुन्हा पुढे आणला आहे. बंगलोरची २.६ मीटरांची रेव्हा २००१ साली आली. शिशाच्या बॅटरीवर ती एका वेळी सुमारे ८० किलोमीटर जाई. २०२३ साली आलेली एमजी कॉमेट तीन मीटरांहून थोडी आखूड आहे, आणि तिची भरलेली बॅटरी २३० किलोमीटर पुरते, असे कंपनी सांगते. शहरात दिवसाला तीस किलोमीटर फिरणाऱ्यास याच्या निम्मेही पुष्कळ झाले. पण विजेची गाडी उभी राहते तेथेच भरावी लागते. त्यामुळे ज्याला आपली म्हणून ठरावीक जागा नाही, तिसऱ्या मजल्यावर राहून जो गाडी रस्त्यावर लावतो, त्याला तिचा उपयोग करून घेणे कठीण.

रिक्षा आणि मोटार यांच्या मधला आणखी एक प्रकार आहे. छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज येथे तयार होणारी बजाज क्यूट ही कायद्याने मोटार नव्हे. तिच्यासाठी ‘क्वाड्रिसायकल’ असा वेगळा वर्ग करावा लागला. २१६ घनसेंटिमीटरांचे इंजिन, २.७५ मीटर लांबी आणि ताशी ७० किलोमीटरांची वेगमर्यादा असलेली ही गाडी २०१९ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात विक्रीस आली, तेव्हा पेट्रोलवर चालणाऱ्या प्रकाराची किंमत दोन लाख अठ्ठेचाळीस हजार रुपये होती.